सांगलीत लँडस्केप फर्म काढायची आणि टिकवायची कशी

आपल्याकडं लँडस्केप, म्हणजे इमारतीभोवतीच्या मोकळ्या जागेची आखणी, म्हणलं की लोकांना लॉन टाकणं आणि गेटला चार पाम लावणं एवढंच वाटतं, आणि ड्रॉइंग तर रोपांवर फुकट मिळतं अशी समजूत. फर्म काढणाऱ्याची खरी कुस्ती इथंच आहे.

कागदपत्रं पटकन सांगतो. बी.आर्क म्हणजे आर्किटेक्चरची पदवी पाच वर्षं, त्यावर लँडस्केपचं एम.आर्क दोन वर्षं. पाटीवर 'आर्किटेक्ट' लावायचं तर 1972 च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी पायजेच. हॉर्टिकल्चरवाले असाल तर 'लँडस्केप डिझाइन' लिहा आणि एखादा आर्किटेक्ट पार्टनर घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्यांची सरकारी नोंदणी, फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. रोपांवर जीएसटी नाही पण डिझाइन फीवर 18 टक्के आहे, त्यामुळं कोटेशनमध्ये डिझाइन, रोपं आणि काम वेगवेगळ्या ओळींत टाका आणि पुढचं सीएला विचारा.

आता माती. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिच्यावर डायरेक्ट पेव्हर टाकले की दुसऱ्या पावसाळ्यात वर-खाली झालेच म्हणून समजा. काळी काढून मुरूम थराथरानं रोलर मारून भरायचा, हा खर्च क्लायंटला पहिल्याच मीटिंगला सांगायचा. साइटवर दोन फूट खड्डा घ्या, पाणी भरा, दुसऱ्या दिवशी बघा, पाणी तसंच असेल तर आधी निचऱ्याचा विचार, झाडं नंतर. वाळवा-पलूसकडं जमिनीवर पांढरं मीठ फुटलेलं दिसतं, तिथं माती आणि बोअरचं पाणी दोन्ही तपासल्याशिवाय रोपांची यादी करूच नका.

कृष्णेच्या बाजूला काम असेल तर अजून एक गोष्ट. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी नदीची धोका पातळी 45 फूट, आणि 2005, 2019, 2021 चे पूर सगळ्यांनी बघितलेत. शेजाऱ्याला विचारा 2019 ला पाणी भिंतीवर कुठवर आलं होतं, ती रेघ टेपनं मोजून ड्रॉइंगवर घ्या. त्या रेघेच्या खाली पंप, पॅनेल, लाइटचं कनेक्शन काही ठेवायचं नाही, झाडं करंज, अर्जुन, जांभूळ, उंबर अशी पाण्यात तग धरणारी. जत-आटपाडीच्या दुष्काळी भागात गेलात की सगळं उलटं, तिथं कडुनिंब, शमी, आपटा आणि ड्रिप, लॉनचा विषयच काढू नका.

लॉनचा हट्ट धरणाऱ्याला समजावायला भाषण लागत नाही, हिशोब लागतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार स्क्वेअर फूट म्हणजे साधारण 93 चौरस मीटर, मे महिन्यात रोज पाच मिलिमीटर धरलं तरी साडेचारशे लिटरच्या वर जातं, म्हणजे दहा हजार लिटरचा टँकर जेमतेम तीन आठवडे. हे त्याच्यासमोर कागदावर मांडा, बरेच जण आपोआप अर्ध्या लॉनवर येतात. मातीचंही तसंच, हजार स्क्वेअर फुटावर एक फूट पोयटा म्हणजे दहा ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), आणि भराव खाली बसतो म्हणून थोडी जास्त मागवा. आणि माती कुठून येतीय ते स्वतः जाऊन बघा हो, लव्हाळ्यासारख्या चिवट तणाच्या गाठी आल्या तर मेंटेनन्सवाल्याचे हाल.

फी तीन टप्प्यांत घ्या, पहिला साइट बघून कच्चा आराखडा द्यायच्या आधी, दुसरा वर्किंग ड्रॉइंगला, म्हणजे साइटवर काम करायच्या मापांच्या नकाशांना, तिसरा काम चालू असताना. सुरवातीला 'ड्रॉइंगचे कसले पैसे' म्हणणारे निघून जातील, जाऊ द्या, त्यांचं काम घेतलं तरी रोपांच्या बिलात घासाघीस करणारच. आर्किटेक्ट मंडळींशी नातं ठेवा पण कमिशनवर नको.

फर्म मोठी होते ती मोठ्या प्रोजेक्टनं नव्हे तर मेंटेनन्सनं, हे माझं ठाम मत. मिरजेची हॉस्पिटलं, कुपवाड एमआयडीसीतले कारखाने, कॉलेजं, मंगल कार्यालयं, यांना दरमहा माळी, खत, छाटणी लागतेच. पैसा बारमाही येतो, आणि आपण लावलेलं झाड दोन उन्हाळे काढतंय का नाही ते डोळ्यासमोर राहतं. म्हणून पहिला माणूस ड्राफ्ट्समन नको, साइट सुपरवायझर घ्या, ज्याला ड्रिपर तुंबलेला ओळखता येतो आणि माळ्याशी नीट बोलता येतं. सरकारी टेंडर मात्र हातात सहा महिन्यांचे पगार असल्याशिवाय भरू नका, डिपॉझिट अडकतं आणि बिल कधी निघेल काय सांगता येत नाही.

मेलेलं झाड बदलून द्यायची गॅरंटी द्या, पण पाणी क्लायंटनं द्यायचं, मोटार बंद पडली तर त्याच दिवशी कळवायचं, या अटी सहीसकट लिहून घ्या, आणि मेंटेनन्सचं बिल महिन्याच्या पाच तारखेच्या आत पाठवा, नंतर पाठवलं की पुढच्या महिन्यात ढकलतात.