फुकेतचे नऊ दिवस, नागपूरहून

थायलंडमधल्या फुकेतचा शाकाहारी उत्सव म्हणजे तिथल्या लोकांचं नवरात्रच, असं आईला सांगून मी घटस्थापना बघून तिकिटं काढणार होते. थांबले ते बरं झालं! 2024 मध्ये दोन्ही 3 ऑक्टोबरला बसले. 2025 मध्ये आपली घटस्थापना 22 सप्टेंबरला, त्यांची सुरुवात थेट 21 ऑक्टोबरला. म्हणून आधी, ज्यापासून उत्सव सुरू होतो तो चिनी पंचांगाचा नववा महिना कधी लागतो ते बघा, मग उत्सवात घालायला इतवारीतून पांढरे सुती कपडे घ्या.

जेवायला लाल अक्षरांची पिवळी पताका शोधा. तिथे मांस, अंडं, दूध नाही, कांदा-लसूणही नाही. सावजीवर पोसलेल्या जिभेला जडच जातं.

मिरवणुकीत अंगात आलेले भक्त गालातून सळ्या आरपार घालतात. फटाके पायाशी फुटतात, कानात कापसाचे बोळे ठेवा.