नोझिक वाचायला घेताय? मग असं करा

क्लासिकल लिबरलिझमवर (माणसाचं स्वातंत्र्य आणि मालमत्ता आधी, सरकार कमीत कमी) लिहून फिलॉसॉफीत नाव कसं होतं ते बघायचं असेल तर अमेरिकन फिलॉसॉफर रॉबर्ट नोझिक घ्या. पण आधी जॉन रॉल्सचं १९७१ चं 'अ थिअरी ऑफ जस्टिस' (समाजातली वाटणी न्याय्य कधी म्हणायची, यावरचं) थोडं तरी वाचा, कारण हार्वर्डमधल्या याच सहकाऱ्याला उत्तर म्हणून नोझिकने १९७४ ला 'अनार्की, स्टेट अँड युटोपिया' काढलं, आणि प्रश्नच माहीत नसेल तर उत्तर डोक्यावरून जाणार.

पहिल्या पानापासून सुरू करू नका, अडकाल. सरळ 'अनार्की...'चा सातवा चॅप्टर उघडा. नोझिक आधी तुम्हाला पटेल तशी पैशांची वाटणी करा म्हणतो, मग बास्केटबॉलवाला विल्ट चेंबरलेन येतो, लोक खुशीने तिकिटामागे २५ सेंट खास त्याच्यासाठी टाकतात, सीझनभरात १० लाख लोक, म्हणजे गड्याच्या खिशात अडीच लाख डॉलर, आणि तुमची वाटणी मोडली. आता वही काढा आणि लिहा, अन्याय नेमका कुठल्या तिकिटाला झाला? (मी दोन दिवस डोकं खाजवलं, अजून अर्धवटच आहे.)

मग त्याचं १९८१ चं 'फिलॉसॉफिकल एक्सप्लनेशन्स' चाळा, तिथे नोझिक ज्ञान आणि फ्री विलकडे (माणसाची इच्छा खरंच स्वतंत्र आहे का) वळलाय. आणि १९८९ च्या 'द एक्झामिन्ड लाइफ'मध्ये तर 'अनार्की...'मधली आपली जुनी भूमिका बरीच अपुरी वाटते असं स्वतःच लिहून मोकळा!