पोलादी फ्रेमची सायकल: सांभाळायची कशी, दुरुस्त करायची कशी

पोलादी फ्रेमच्या सायकली मोडून बाद होतात, त्यापेक्षा कितीतरी जास्त जाम होऊन बाद होतात. सीटचा दांडा नळीत धरून बसतो, बीबीचा (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही पेडलांचे दांडे जोडणारा एक्सल ज्यात फिरतो तो फ्रेमचा तळाचा सांधा) आट्यांचा कप हलत नाही, मडगार्डच्या बोल्टचे आटे गंजून जातात आणि किरकोळ कामापायी चांगली फ्रेम भंगारात जाते. वाईट वाटतं ते यामुळे, की पोलादासारखी सोशिक वस्तू नाही. ताण मर्यादेत असेल तर ते लाखो हेलकावे सोसूनही थकत नाही. ॲल्युमिनियम छोट्या हेलकाव्यांनीही हळूहळू थकत जातं. पोलाद वाकलं तर बऱ्याचदा सरळ करता येतं, तडकलं तर झाळता येतं. म्हणून माझ्या मते अशा सायकलच्या देखभालीत एकाच गोष्टीचा ध्यास हवा: तिचा प्रत्येक जोड कधीही उघडता आला पाहिजे. चकचकीत पुसणं त्यानंतर.

आधी मापं लिहून ठेवा

फ्रेमला लोहचुंबक लावून बघा. चिकटला तर फ्रेम पोलादी. मग कॅलिपर घ्या आणि चार आकडे वहीत उतरवा.

पहिला, सीटच्या दांड्याचा व्यास. तो दांड्यावरच कोरलेला असतो. पातळ, चांगल्या नळ्यांच्या फ्रेमना बहुतेक २७.२ मिमीचा दांडा लागतो, जाड नळ्यांच्या फ्रेमना त्याहून बारीक. ही मापं ०.२ मिमीच्या फरकाने बदलतात, त्यामुळे ‘जवळपास बसतोय’ असा दांडा कधीही घालू नका. बारीक दांडा घालून क्लॅम्प आवळत राहिलं की नळीचं तोंड चेपतं आणि तिथूनच तडा सुरू होतो.

दुसरा, बीबीच्या नळीची रुंदी. तिसरा, मागच्या एक्सलच्या दोन खाचांमधलं अंतर. चौथा, टायरवरचा दोन भागांतला आकडा, उदाहरणार्थ ३७-६२२. यातला ३७ म्हणजे टायरची रुंदी आणि ६२२ म्हणजे रिमवर टायरची कड जिथे बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ‘२६ इंची’, ‘२८ इंची’ ही नावं फसवी आहेत, कारण एकाच नावाखाली वेगवेगळ्या मापांचे रिम मिळतात. टायर घ्यायचा तो या आकड्यावरूनच.

सीटचा दांडा: सगळ्यात आधी हेच काम

दांडा ॲल्युमिनियमचा, नळी पोलादाची आणि मध्ये पाण्याचा ओलावा. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना भिडले की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि दांडा पाचरीसारखा घट्ट बसतो. त्यासाठी दर ऋतू पालटताना एवढं करा: दांड्यावर सीटची उंची टेपने खूण करून ठेवा, क्लॅम्प सैल करा, सीट डावी-उजवीकडे फिरवत दांडा पूर्ण बाहेर काढा. दांडा आणि नळीची आतली बाजू फडक्याने पुसा, पातळ थर ग्रीस लावा, दांडा परत घाला. कमीत कमी किती आत असायला हवा त्याची रेघ दांड्यावर असते. ती फ्रेमच्या आतच राहिली पाहिजे.

दांडा आधीच जाम असेल तर ओढू नका, पिळा. क्लॅम्पचा बोल्ट काढून टाका, सांध्यावर गंज सोडवणारं तेल टाका आणि रात्रभर थांबा. असं तीन-चार दिवस करा. बीबी उघडलेली असेल तर सायकल उलटी करून तिकडूनही तेल सोडा. मग जुनी सीट पक्की बसवून तिच्याच आधाराने दांडा पिळायचा. केसभर फिरला तरी काम झालं म्हणून समजा: पुन्हा तेल, पुन्हा उलटसुलट पीळ. काहीच हललं नाही तर शेवटचा उपाय म्हणजे दांडा वरून कापायचा आणि आतून करवतीच्या पात्याने उभी चीर पाडून तो आत चेपून काढायचा. हे तासन्‌तास चालणारं काम आहे. घाईत पातं नळीलाही कापतं.

गंज आतून लागतो

रंगाचा टवका उडालेली जागा दिसते, म्हणून आपण तिचीच काळजी करतो. तिथला उपाय सोपा आहे: पॉलिश पेपरने चमकता धातू दिसेपर्यंत घासा, तेलकटपणा पुसा, प्रायमर लावा, वाळल्यावर रंग द्या. धोका असतो नळीच्या आत. पाणी सीटच्या दांड्याकडून आणि बारीक भोकांतून शिरतं आणि सगळ्यात खालच्या जागी, म्हणजे बीबीत, साचतं. अनेक फ्रेमना बीबीच्या तळाशी एक भोक असतं. ते चिखलाने बुजलेलं नाही ना, हे तारेने तपासत राहा. सायकल मुसळधार पावसात भिजली असेल तर दांडा काढून ती उलटी ठेवा आणि रात्रभर निथळू द्या.

बीबी कधी उघडाल तेव्हा रंगकामाचं बॉइल्ड जवस तेल नळ्यांच्या आत सोडा, फ्रेम सगळ्या बाजूंना कलती करून ते सगळीकडे पोहोचवा आणि जादाचं निथळू द्या. काही दिवसांत त्याचा कोरडा पापुद्रा धरतो आणि तो धातूला झाकतो. तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून टाकू नका. जवस तेल वाळताना तापतं आणि गोळा झालेल्या फडक्यांना आपोआप आग लागू शकते. फडकी मोकळ्यावर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

पेडल आणि बीबी: आटे कुठल्या बाजूने

निम्मी नासधूस उलट्या बाजूने जोर लावल्याने होते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. लक्षात ठेवायची रीत अशी: पाना पेडलच्या एक्सलवर उभा, वर तोंड करून लावा. पान्याचं वरचं टोक मागच्या चाकाकडे ढकललं की पेडल सुटतं, पुढच्या चाकाकडे ढकललं की आवळतं. दोन्ही बाजूंना हेच. बीबीच्या कपांचं बरोबर उलट आहे: इंग्लिश आट्यांच्या बीबीत, जिची रुंदी बहुतेक ६८ मिमी असते, दोन्ही कप पुढच्या दिशेने सुटतात. रुंदी ७० मिमी भरली तर बीबी इटालियन असण्याची शक्यता असते. तिथे दोन्हीकडे सरळ आटे असतात, म्हणजे उजवा कप मागे सुटतो.

जुन्या पद्धतीच्या सुट्या छर्ऱ्यांच्या बीबीत प्रत्येक बाजूला पाव इंची ११ छर्रे बसतात. एक्सल आणि कप रॉकेलने धुऊन बघा: छर्रे फिरतात त्या वाटेवर खड्डे दिसले तर ते भाग बदला. छर्रे मात्र दर वेळी नवेच घाला, आणि एका बाजूचे सगळे एकदम. कपात भरपूर ग्रीस भरून छर्रे त्यात रोवले की पडत नाहीत. शेवटी कपाच्या बाहेरच्या आट्यांनाही ग्रीस लावा. हे कुणी सहसा करत नाही, आणि पुढच्या वेळी कप सुटणार की नाही हे त्यावरच ठरतं. पेडल, मडगार्ड, कॅरियर, बाटलीचा स्टँड, प्रत्येक बोल्टला हाच नियम.

चेन आणि चाक

चेन पुसा, प्रत्येक कडीच्या पिनवर एकेक थेंब तेल द्या, वरचं तेल पुसून टाका. बाहेर राहिलेलं तेल फक्त धूळ धरतं. झीज पट्टीने मोजा: नव्या चेनच्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरतात. एका पिनच्या मध्यापासून मोजल्यावर हे अंतर दीड मिलिमीटरने वाढलं की चेन बदलायची. तीन मिलिमीटरपर्यंत वाट पाहिलीत तर मागची चक्रंही बदलावी लागतील.

चाकाचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढायला वेगळं यंत्र नसलं तरी चालतं, ब्रेकच्या रबराचा अंदाज घ्या. चाक सावकाश फिरवा. रिम डावीकडे घासत असेल तर त्या जागी उजव्या बाजूच्या तारा पाव फेरा आवळा आणि डावीकडच्या तेवढ्याच सैल करा. टायरच्या बाजूने पाहिलं तर निप्पल (तारेच्या रिमकडच्या टोकाची चक्की) घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर तार आवळते. पुन्हा फिरवून बघा. अर्ध्या-पाऊण फेऱ्यांचे मोठे झटके दिले की चाक दुसरीकडे वाकडं होतं.

एकच सायकल, अनेक कामं

जुन्या पोलादी फ्रेमची खरी मजा इथे आहे. कॅरियर-मडगार्डचे कान, रुंद टायरला जागा. बारीक टायर घालून ती वेगाने पळवा, रुंद टायर आणि कॅरियर लावून सामान न्या, उंच हँडल लावून रोजची ये-जा करा. मागच्या खाचांमधलं १२६ मिमीचं अंतर वाढवून १३० मिमीचा नवा हबही बसवता येतो. फक्त पोलादी फ्रेमच अशी फाकवायची. ॲल्युमिनियम आणि कार्बनच्या बाबतीत हा विचारही नको.

एकेका बाजूला दोन मिलिमीटर वळवायचं असतं. लांब, मजबूत फळी सीटच्या नळीला टेकवून एक बाजू हळूच बाहेर रेटा, सोडा, मोजा. फ्रेम थोडी परत येते, म्हणून प्रत्येक वेळी मोजूनच पुढे जा. मग दोरा घ्या: डाव्या खाचेपासून निघून हँडलच्या नळीला वळसा घालून उजव्या खाचेत बांधा. दोऱ्यापासून सीटच्या नळीचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं भरलं तर फ्रेम मध्यावर आहे. शेवटी दोन्ही खाचा एकमेकींना समांतर आहेत का ते बघा, नाहीतर आवळताना एक्सलला बाक येतो.

सायकल आपटल्यावर

हँडलच्या नळीच्या मागे, वरच्या आणि खालच्या दोन्ही नळ्यांच्या पोटाखालून बोट फिरवा. लाट लागली किंवा रंगाला आडवी भेग दिसली तर सायकल चालवू नका. तडा झाळता येतो, पण हलक्या फ्रेमच्या नळीची भिंत मध्यावर अर्धा मिलिमीटरच असू शकते. साधं आर्क वेल्डिंग तिला भोक पाडतं. पितळेने किंवा चांदीने झाळणारा, सायकलच्या फ्रेम बनवणारा कारागीर गाठा. पुढचा चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) तडकला असेल तर मात्र झाळत बसू नका, नवाच घ्या: तो चालता चालता तुटला तर हात टेकायलाही वेळ मिळत नाही. नवा घेताना हँडलच्या नळीत जाणाऱ्या त्याच्या दांड्याची लांबी आणि व्यास जुन्याशी जुळवा आणि बसवण्याआधी बॉल-रेस (छर्रे बसतात त्या वाट्या) ग्रीसने भरा.