गाडीमागे ट्रेलर लावताय? आधी वजन कुठे पडतंय ते बघा

गणपती जवळ आले की न्यू जर्सीतल्या आमच्या मंडळात दरवर्षी एकच विषय, सामान न्यायचं कशात. मखर, ढोल, ताशे, स्पीकर, टेबलं, प्रसादाची मोठाली पातेली, आणि मग कोणीतरी म्हणतंच की ट्रक कशाला भाड्याने घ्यायचा, तुझ्या टोयोटा हायलँडरला हुक आहे ना, ट्रेलर लाव की. मीही असाच लावला होता पहिल्यांदा. स्पीकर आणि अँप्लिफायर हॉलवर सगळ्यात आधी लागतात म्हणून ते शेवटी भरले, म्हणजे एकदम मागे दाराशी, आणि पुढे थर्माकोलचं मखर आणि ढोल, जागा भरपूर खातात पण वजन काहीच नाही.

आय-७८ वर पेनसिल्व्हेनियाच्या बाजूला एक लांब उतार लागला, स्पीड साधारण ताशी ६० मैल, बाजूने एक मोठा ट्रक गेला आणि आरशात बघतो तर ट्रेलर आधी डावीकडे गेला, मग उजवीकडे, मग परत डावीकडे आणि प्रत्येक वेळी जास्तच. स्टिअरिंग हातात होतं पण गाडी मागून कोणीतरी धरून हलवतंय असं वाटत होतं. बायको शेजारी, दोन्ही पोरं मागे. मी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ घट्ट धरलं आणि ब्रेकला हात... म्हणजे पाय लावला नाही, एवढं एक माहीत होतं म्हणून आज हे लिहितोय. स्पीड ४५ च्या खाली आल्यावर ट्रेलर शांत झाला.

पुढच्या रेस्ट एरियात थांबून दार उघडलं आणि ते मागे रचलेले स्पीकर बघितल्यावर मला आजोबा आठवले. लहानपणी गावी कडबा भरताना आम्ही पोरं मागच्या बाजूला पेंढ्या टाकत सुटायचो आणि आजोबा ओरडायचे, "आरं पुढं घ्या माल, गाडी उलाळ हुईल!" ज्यांनी बैलगाडी बघितली आहे त्यांना उलाळ म्हणजे काय ते सांगायला नको, मागे वजन जास्त झालं की मागची बाजू बसते, पुढची वर उठते आणि जू बैलांच्या मानेवरून उचलायला लागतं. फार पुढे भरलं तर उलट, सगळा भार बैलांच्या मानेवर. ट्रेलरचं गणित अगदी हेच आहे, बैलांच्या जागी तुमची गाडी. त्यामुळे खाली जे सांगतोय त्यातलं बाकी काही विसरलात तरी चालेल असं म्हणणार नाही, पण हे मात्र विसरू नका.

आधी गाडीची ताकद बघा, दोन आकडे

पहिला आकडा टोइंग कपॅसिटी, म्हणजे गाडी जास्तीत जास्त किती वजन ओढू शकते, तो ओनर्स मॅन्युअलमध्ये असतो. इंटरनेटवरच्या आकड्यावर जाऊ नका कारण एकाच मॉडेलमध्ये इंजिन आणि पॅकेजप्रमाणे तो बदलतो. अंदाज म्हणून सांगतो, पेट्रोलवरच्या हायलँडरला ५००० पौंड तर तिच्याच हायब्रिडला ३५००, सिएना आणि ओडिसीला ३५००, आणि सीआर-व्ही किंवा साधी आरएव्ही-४ असेल तर १५०० च्या आसपासच. यात ट्रेलर आणि सामान दोन्ही आलं. हिचवर (गाडीच्या मागचा तो हुक) वेगळा आकडा असतो, बॉलवर (ट्रेलर ज्यावर बसतो तो लोखंडी गोळा) वेगळा, बॉल माउंटवर (तो गोळा धरणारा दांडा) वेगळा. या सगळ्यांत जो सगळ्यात कमी तो आपला.

दुसरा आकडा बहुतेक लोक बघतच नाहीत आणि आपल्यासारख्या फॅमिली गाडीत खरा तोच आधी संपतो. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांच्या वर नको असं लिहिलेलं. समजा तो आकडा १३०० आहे. चार मोठी माणसं ६४० पौंड, डिकीत बॅगा, पाणी, कूलर २०० पौंड, झाले ८४०. आता ट्रेलरचं जे नाक हिचवर टेकतं त्याचं वजनसुद्धा याच १३०० मध्ये धरायचं असतं, कारण ते गाडीच्याच अंगावर पडतं. ते २५० धरलं की १०९०. म्हणजे कागदावर गाडी ५००० ओढते पण आईबाबा भारतातून आलेत म्हणून आणखी दोघं बसवली की संपलं, मग ट्रेलर हलका असो नाहीतर जड.

भाड्याने आणलेल्या गाडीला ट्रेलर लावू नका, बहुतेक करारांत मनाई असते. स्वतःच्या गाडीसाठी इन्शुरन्स एजंटला एक फोन करा आणि ट्रेलरचं स्वतःचं नुकसान आणि आतलं सामान कव्हर होतं का हे स्पष्ट विचारा.

भरणं

एकूण वजनाच्या साधारण ६० टक्के चाकांच्या पुढे, ४० टक्के मागे. जड वस्तू तळाला, एक्सलच्या जरा पुढे, डावी-उजवी बाजू सारखी. हलकं सामान वर आणि मागे. हॉलवर आधी काय लागणार या हिशोबाने भरायचं नाही, हे मी आता मंडळातल्या प्रत्येक नवीन पोराला सांगतो, आधी लागणारी जड वस्तू पुढे असेल तर असू दे, उतरवायला दहा मिनिटं जास्त लागतील.

नुसत्या नजरेने भागत नाही, मोजा. ट्रेलर सामानासकट जेवढ्याचा असेल त्याच्या १० ते १५ टक्के वजन नाकावर यायला हवं, यालाच इथे टंग वेट म्हणतात. २००० पौंडांचा ट्रेलर असेल तर २०० ते ३००. १० च्या खाली गेलं की ट्रेलर डोलायला लागतो, फार वर गेलं की गाडीची मागची बाजू बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही कमजोर पडतात आणि रात्री हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यात जातात.

घरच्या वजनकाट्यावर मोजता येतं. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना ठोकळे लावलेले. एक मजबूत फळी घ्या, तिचं एक टोक जमिनीवरच्या पाइपावर ठेवा आणि दुसरं टोक काट्यावर, काट्यावरही मधोमध एक पाइपाचा तुकडा ठेवून. पाइप आणि काटा यांत बरोबर ३ फूट अंतर पाहिजे. आता ट्रेलरचं नाक जमिनीवरच्या पाइपापासून १ फुटावर, म्हणजे काट्यापासून २ फुटांवर, फळीवर टेकवा, जमिनीवरच्या पाइपाखाली विटा घालून फळी सपाट ठेवा आणि नाक नेहमी हिचवर जितक्या उंचीवर असतं साधारण तितक्याच उंचीवर येईल असं बघा. काट्यावर ८० आलं तर टंग वेट २४०, तिप्पट करायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा माझा आकडा एवढा कमी आला की दोन स्पीकर उचलून पुढे नेले आणि परत मोजलं, आणि फक्त दोन नग तीन-चार फूट पुढे सरकवल्यावर केवढा फरक पडतो ते डोळ्यांनी बघितलं. एकूण वजनासाठी हायवेवरच्या ट्रक स्टॉपला कॅट स्केल नावाचे मोठे काटे असतात, थोडे पैसे देऊन तिथे गाडी आणि ट्रेलर दोन्ही मोजून मिळतात.

सामान रॅचेट पट्ट्यांनी बांधा. उघडा ट्रेलर असेल तर वरून जाळी किंवा ताडपत्री, सुटलेलं टोक फडफडत राहिलं तर शंभर मैलांत पट्टी चिरते.

जोडणं

बॉलचे नेहमीचे साइज तीन, १ ७/८, २ आणि २ ५/१६ इंच. कपलरवर, म्हणजे ट्रेलरच्या नाकाचा जो भाग बॉलवर बसतो त्यावर, कोणता लागतो ते कोरलेलं असतं. लहान बॉलवर मोठा कपलर बसतो, लॉकही झाल्यासारखा वाटतो आणि पहिल्या खड्ड्यात उडून निघतो, त्यामुळे नुसतं "बसला" यावर विश्वास ठेवू नका, आकडा वाचा.

कपलर खाली बसवून लॅच बंद केली, पिन घातली की एक काम करा जे मला एका जुन्या ट्रेलरवाल्याने दाखवलं होतं. ट्रेलरच्या नाकाजवळचा जॅक परत उलटा फिरवून नाक एक-दोन इंच वर उचला. कपलरने बॉल नीट पकडला असेल तर नाकाबरोबर गाडीची मागची बाजूसुद्धा वर येते. नुसतं नाकच वर आलं तर ते जोडलेलंच नाही. मग जॅक पूर्ण वर घेऊन आडवा लॉक करा, रस्त्याला घासत गेलेले जॅक मी बघितलेत.

साखळ्या दोन असतात, त्या नाकाखालून एकमेकींना ओलांडून क्रॉस लावायच्या. कपलर सुटलाच तर नाक त्या झोळीत पडतं, रस्त्यात रुतत नाही. वळताना ताण येणार नाही एवढी ढील ठेवा पण जमिनीला टेकता कामा नये. ब्रेकवाला ट्रेलर असेल तर त्याची ब्रेकअवे केबल साखळीला नाही, थेट गाडीला अडकवा, कारण ट्रेलर पूर्ण सुटला तर त्याचे ब्रेक तीच लावते. आणि ट्रेलरला स्वतःचे ब्रेक किती वजनापासून हवेत हे राज्यागणिक बदलतं, पुष्कळ ठिकाणी ३००० पौंड, काही ठिकाणी त्याहून कमी.

मग वायर लावून लाइट बघा, कोणाला तरी मागे उभं करून टेल लाइट, ब्रेक, दोन्ही इंडिकेटर. डावा लावला की दोन्ही मंद लुकलुकतात असलं विचित्र काही दिसलं तर बहुतेक वेळा पांढरी वायर, म्हणजे अर्थिंग, गंजलेली किंवा सैल असते. तिथे घासून साफ केली की पुष्कळदा सुटतं.

चाकं

ट्रेलरच्या टायरवर एसटी, म्हणजे स्पेशल ट्रेलर, लिहिलेलं असतं. हवा थंड असताना भरा, ट्रेलरच्या स्टिकरवर दिलेली. वर्षभर अंगणात उभा असलेला ट्रेलर असेल तर नक्षी नवी दिसते पण रबर आतून गेलेलं असतं, म्हणून वय बघा, डीओटी लिहिलंय त्या ओळीतले शेवटचे चार आकडे, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. पाच-सहा वर्षांच्या पुढचा टायर मी लांबच्या प्रवासाला वापरत नाही. चाक नुकतंच बदललं असेल तर पहिल्या ५० मैलांत नट परत आवळा. बेअरिंगचं वंगण वर्षातून एकदा. बैलगाडीचा कणा कोरडा पडला की लांबूनच कुईकुई ऐकू यायची, इथे बंद काचेत काही ऐकू येत नाही, म्हणून प्रत्येक थांब्यावर हात हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, जवळ न्या, लगेच टेकवू नका. एक हब बाकीच्यांपेक्षा खूप तापलेला लागला तर पुढे जाऊ नका.

चालवणं

स्पीड ५५. कॅलिफोर्नियात ट्रेलरवाल्यांना तो कायदाच आहे, बाकीकडे बोर्डवर ६५-७० असलं तरी आपण ५५ च ठेवा, क्रूझ कंट्रोल बंद, उजवी लेन. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर. वळण रुंद घ्या कारण ट्रेलर आतून कापतो, पेट्रोल पंपाचे खांब त्यातच ठोकले जातात. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर खाली टाका, आपल्या घाटात उतरताना करतो तसंच, उतारावर सतत ब्रेक दाबून बसलं की तो तापून ऐन वेळी लागत नाही.

डोलायला लागला तर: ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, त्याच्या तालावर डावी-उजवी करू नका, गाडीचा ब्रेक मारू नका, आणि वेग वाढवून सरळ होईल असं तर अजिबात करू नका. ट्रेलरच्या ब्रेकचा हाताचा कंट्रोल गाडीत असेल तर फक्त तो हळूच दाबा. थांबल्यावर सामान पुढे घेतल्याशिवाय परत निघू नका.

रिव्हर्सला सगळे घाबरतात. स्टिअरिंग खालून, सहाच्या काट्यावर एका हाताने धरा, ट्रेलर जिकडे न्यायचाय तिकडे हात न्या. अगदी हळू, थोडं थोडं. कोन जास्त झाला की ओढाताण न करता पुढे येऊन सरळ व्हा आणि परत करा. हॉलवर जायच्या आधी रविवारी सकाळी रिकाम्या पार्किंगमध्ये अर्धा तास करून बघा. दिशा सांगणारा माणूस आरशात दिसेल असा बाजूला उभा हवा, ट्रेलरच्या मागे नाही, आणि सांगणारा एकच, नाहीतर आपल्याकडे पाच काका पाच बाजूंनी "येऊ दे येऊ दे" करतात. पोरं तेवढा वेळ हॉलच्या आत.

उतरवणं

पोचल्यावर घाईघाईत ट्रेलर सोडवून मग सामान काढायला जाऊ नका. ट्रेलर गाडीला जोडलेलाच असू दे, चाकांना ठोकळे लावा आणि मग सामान काढा, कारण सुटलेल्या ट्रेलरच्या मागच्या टोकावर एखादा दणकट गडी चढला की तो तिथल्या तिथे उलाळ होतो, मागची कड खाली आपटते आणि नाक वर उडतं, तिथे कोणी वाकून उभं असेल तर सरळ हनुवटीवर. मागून काढत पुढे या. पूर्ण रिकामा झाला की जॅक खाली, वायर, ब्रेकअवे केबल आणि साखळ्या काढा, शेवटी लॅच, आणि ठोकळे तसेच राहू द्या, ते परत निघताना ट्रेलर जोडून झाल्यावर काढायचे.