मखरासाठी लेझर कटर लावण्यापूर्वी: लाकडाच्या जाडीची तयारी

गणपतीच्या मखराचे काम घरच्या लेझर कटरवर करायचे असेल, तर नक्षी आखण्याच्या आधी लाकडाची जाडी ठरवावी, कारण खाचा, जोड आणि वजन ही सगळी गणिते त्या एका आकड्यावर उभी असतात. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून मी मखर लाकडातच करतो, आणि हा क्रम चुकवला त्या वर्षी अर्धे काम दुसऱ्यांदा करावे लागले.

सर्वप्रथम आपल्या यंत्राची खरी ताकद पाहावी. खोक्यावर ठळक छापलेला आकडा पुष्कळदा यंत्र किती वीज खाते तो असतो. प्रत्यक्ष किरणाचे वॅट त्याहून बरेच कमी असतात आणि ते माहितीपुस्तिकेत शोधावे लागतात. किरण ५ वॅटचा असेल तर ३ मिमीच्या मऊ प्लायवरही दोन-तीन फेऱ्या धरून चालावे. १० वॅटला ३ मिमी सोयीचे पडते, २० वॅटला ५ मिमीपर्यंत जाता येते. सागवान किंवा शिसव यांसारखे घट्ट लाकूड त्याच जाडीला जास्त वेळ घेते.

दुकानात जाताना व्हर्निअर कॅलिपर खिशात असावा. सांगलीच्या टिंबर एरियात ‘तीन एमएम’ म्हणून मागितलेला प्लाय मोजल्यावर कधी २.७ भरतो, कधी ३.२, म्हणून चारही कोपरे मोजावेत. त्यानंतर तुकडा उजेडाकडे धरून त्याची कड निरखावी. मधल्या थरात काळसर डाग, पोकळी किंवा भरलेली लांबी (पुट्टी) दिसली तर तो पत्रा, म्हणजे प्लायची शीट, घेऊ नये. किरण वरचा थर सहज कापतो आणि नेमका त्या डागाशी अडतो. वॉटरप्रूफ प्लायमधला फिनॉलचा गडद गोंद किरणाला दाद देत नाही आणि कडा कोळशासारख्या करतो, त्यामुळे घरात ठेवायच्या मखराला साधा एमआर ग्रेड (दमट हवा सोसणारा प्लाय) पुरतो. एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेला बोर्ड) एकसारखा असतो आणि त्यात गाठी नसतात, पण धूर अधिक करतो आणि पाणी लागताच फुगतो. पीव्हीसीचे बोर्ड आणि पीव्हीसी असलेले डब्ल्यूपीसीचे (लाकूड-प्लास्टिक मिश्रणाचे) बोर्ड याच दुकानांत स्वस्तात मिळतात; ते यंत्राखाली कधीही ठेवू नयेत, कारण त्यातून निघणारा क्लोरीनयुक्त वायू माणसाला घातक आहे आणि यंत्रालाही गंज आणतो.

आठ बाय चार फुटांचा पत्रा दुकानातच १६ इंची चौकोनांत कापून घ्यावा, म्हणजे अठरा तुकडे होतात आणि रिक्षातून नेता येतात. घरी आणल्यावर ते भिंतीला टेकवून न ठेवता आडवे रचून वर वजन ठेवावे. कृष्णाकाठच्या पावसाळी हवेत पातळ प्लाय आठवड्याभरात धनुष्यासारखा वाकतो, आणि दोन मिलिमीटरचा बाक आला तरी किरणाचा फोकस सुटतो.

कापण्याच्या आदल्या दिवशी त्याच पत्र्याच्या कोपऱ्यावर, वेग बदलत, २० मिमीचे चौकोन कापून पाहावेत. पत्रा उचलताच जो चौकोन आपल्या वजनाने खाली पडतो, त्याचा वेग बरोबर. नखाने ढकलावा लागला तर वेग आणखी कमी करावा. पडलेला चौकोन १९.८५ भरला, तर कापाची रुंदी ०.१५ मिमी आहे असे समजावे. मग २.८ मिमीच्या पत्र्यासाठी खाच २.६५ आखावी, म्हणजे जोड गोंदाशिवायही घट्ट बसतो.

खांब किंवा पायासाठी ६ मिमी जाडी हवी असेल, तर ती एका दमात कापण्याचा हट्ट धरू नये. किरण फोकसपाशीच बारीक असतो, त्याच्याखाली तो पसरतो, त्यामुळे जाड लाकडाची कड तिरपी आणि करपलेली येते. त्यापेक्षा ३ मिमीचे दोन तुकडे कापून फेविकॉलने जोडावेत आणि रात्रभर वजनाखाली ठेवावेत. माझ्या मते लहान यंत्रासाठी हीच सर्वांत भरवशाची रीत आहे.

हवेचा पंप आणि धूर बाहेर टाकणारा पंखा चालतो का, हे आधी तपासावे, कारण वाऱ्याच्या झोताशिवाय तीन मिलिमीटरलाही ज्वाळ धरते. यंत्राच्या किरणासाठीच बनवलेला चष्मा घालावा. मध्येच वीज गेली तर पत्रा जागचा हलू नये म्हणून तो चिमट्यांनी पक्का करावा आणि आरंभबिंदूवर पेन्सिलीने खूण करावी. पाण्याची फवारणी बाटली आणि अग्निशामक हाताशी ठेवावेत, आणि शेवटचा तुकडा सुटेपर्यंत यंत्रापासून उठू नये.