क्लासिकल मेकॅनिक्स सुरू करताय? आधी आखाजीचा झोका सोडवा

एमएस्सी फिजिक्सला क्लासिकल मेकॅनिक्स आलं की बरेच जण डी'अ‍ॅलम्बर्टच्या तत्त्वापासून लॅग्रांज इक्वेशनपर्यंतचं (बलांऐवजी एनर्जीवरून गती काढायचं समीकरण) डेरिव्हेशन पाठ करत बसतात, मी पण तेच केलं होतं आणि साधा प्रॉब्लेम समोर आला की पेन पुढे सरकायचा नाही.

म्हणून सांगतो, पहिला प्रॉब्लेम आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या झोक्याचा घ्या, आपल्याकडे खान्देशात निंबाला बांधतात तोच. दोराची लांबी बदलत नाही म्हणजे एक्स आणि वाय दोन्ही धरायची गरजच नाही, दोर उभ्या रेषेशी करतो तो कोन थीटा पुरे, डिग्री ऑफ फ्रीडम (स्थिती सांगायला लागणारे स्वतंत्र आकडे) एकच. आता कायनेटिक एनर्जीतून पोटेन्शियल वजा करा, लॅग्रांजच्या इक्वेशनमध्ये टाका. दोरातला ताण कुठेच आला नाही ना? मग तेच एक्स-वाय धरून न्यूटनने करा, ताण येतो आणि त्याला घालवता घालवता पान भरतं. हा फरक स्वतःच्या हाताने कागदावर दिसला पाहिजे, वाचून नाही कळत.

पुढे विहिरीच्या कप्पीवरच्या दोन बादल्या, मग डबल पेंड्युलम (एका लोलकाला टांगलेला दुसरा), आणि मग फिरत्या कड्यावर सरकणारा मणी, याला दोन दिवस द्या, खरंच द्या. कडं उभ्या अक्षाभोवती हळू फिरलं तर मणी तळाशीच राहतो, पण ओमेगाचा (फिरण्याच्या वेगाचा) वर्ग जी (गुरुत्व त्वरण) भागिले आरच्या (कड्याची त्रिज्या) वर गेला की तळ अनस्टेबल होतो आणि मणी वर सरकतो. 20 सेंमी त्रिज्येला हा वेग सेकंदाला 7 रेडियन, म्हणजे एका फेरीपेक्षा थोडा जास्त. शिवाय इथे हॅमिल्टोनियन (लॅग्रांजियनवरून काढलेली, बऱ्याचदा एकूण एनर्जीच असणारी राशी) कॉन्झर्व होतो पण तो एकूण एनर्जी नसतो, का ते स्वतः शोधा, हे कळलं तर अर्धा हॅमिल्टोनियनचा चॅप्टर झालाच समजा. त्याच चॅप्टरमधला पॉयसन ब्रॅकेट (दोन राशींच्या डेरिव्हेटिव्हची एक ठरावीक मांडणी) नुसत्या सरावाचं काम आहे, रोज दोन गणितं केली तरी बसतं.

रोटेटिंग फ्रेम, म्हणजे फिरत्या पृथ्वीवरून गती बघणं, मात्र आपल्या गावावर लावून बघा. फ्रेंच शास्त्रज्ञ फूकोने 1851 मध्ये पॅरिसला पेंड्युलम टांगला, तिथे त्याचं झुलण्याचं प्रतल पृथ्वीच्या फिरण्यामुळे साधारण 32 तासांत पूर्ण फिरतं. जळगाव 21 अंश उत्तरेला, 24 तासांना साइन 21 ने भागा, 67 तास येतात. विषुववृत्तावर काय होईल? अक्षांश शून्य, साइन शून्य, म्हणजे प्रतल फिरणारच नाही. प्रत्येक उत्तराला अशी टोकाची किंमत टाकून तपासायची सवय लावा, परीक्षेत चूक तिथेच सापडते.