शेकर टेबल करायला घेण्याआधी

शेकर या ख्रिस्ती पंथाची माणसं १७७४ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आली. पुढे न्यू लेबनन, हॅनकॉक अशा वसाहतींत त्यांनी जे फर्निचर घडवलं, त्यात नक्षी औषधालाही नाही. म्हणून त्यांचं छोटं टेबल सोपं वाटतं आणि तिथेच माणूस फसतो. झाकायला काहीच नसल्याने सांध्यातली फट लांबूनही दिसते.

पहिलं काम लाकडाचं, तेही महिनाभर आधी. मूळ टेबलं बहुधा चेरीची असत. आपल्याकडे वाळलेला साग घ्यावा. पायांसाठी रेषा सरळ असलेलाच तुकडा निवडा, मग वखारवाला कितीही कुरकुरो. घरी फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी लावा, टोकांना मेण फासा. तुकडे मापापेक्षा थोडे जाड कापून पुन्हा काही दिवस पडू द्या. काय वाकायचं ते तेव्हाच वाकू दे. दीड फूट रुंदीचा माथा पावसाळ्यात एखादं सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, फुगतो, तेव्हा तो खिळ्यांनी जखडायचा नाही. तो धरून ठेवायला खाचेत सरकणारे लाकडी गुटके आत्ताच करून ठेवा.

हत्यारं नेहमीचीच: करवत, रंधा, गुण्या, पटाशी. किंकऱ्याकडे, म्हणजे सांध्याची खोबण पाडायच्या अरुंद, जाड पटाशीकडे, मात्र नीट बघा. पाय जोडणारी आडवी पट्टी सहा सुताची असेल तर कुसू (तिच्या टोकाची, पायात बसणारी जीभ) तिच्या तिसऱ्या हिश्शाचं, म्हणजे दोन सुताचं, आणि किंकरंही दोन सुताचंच. खुणेचं गेज (कडेला समांतर रेघ मारायचं हत्यार) फुटपट्टीवर नाही, त्या किंकऱ्याच्या पात्यावरच लावा. पायांना उतार फक्त आतल्या दोन बाजूंना असतो आणि तो कुसवाची घरं पाडून झाल्यावरच द्यायचा. चौकोनी पाय बाकावर गप्प बसतो, निमुळता हलतो.

सांध्यातल्या मेखा (आरपार ठोकायच्या लाकडी खुंट्या) करवतीने कापू नका, रेषेवर फोडून काढा. कुसवातलं भोक खांद्याकडे, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या कडेकडे, अर्धं सूत सरकवलं की मेख ठोकताच सांधा आपोआप आवळला जातो. ड्रॉवरच्या डव्हटेलचा, म्हणजे पंख्यासारख्या पसरत्या दातांच्या सांध्याचा, सराव टाकाऊ तुकड्यावर.

सगळं आधी कोरडं जुळवून बघा. साग तेलकट, म्हणून सांध्याच्या जागा अ‍ॅसिटोनने पुसायच्या. सरस आदल्या रात्री भिजत घाला आणि गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवा. उकळी आली की त्याची पकड गेली.